हिरव्या पट्ट्यातलं पिल्लू

मी इंदू, अंगणवाडीची बाई. आलापल्लीकडच्या या गावात बावीस वर्सं झाले लेकरायचं वजन करून राह्यली. कोणतं पोट्टं कमी वजनाच्या लाल पट्ट्यात, कोणतं पिवळ्यात, कोणतं चांगल्या वजनाच्या हिरव्यात, मले तक्ता न पाहता सांगता येते. मंग एका मांजराच्या पिलाचं मले कोणी काय शिकवावं? असा माज होता माह्या अंगात.

सागाच्या थप्प्यायजवळ कुत्र्यायनं मांजरीले फाडलं. लाकडाच्या फटीत तिचं एक पिल्लू राह्यलं होतं. माह्या नवऱ्यानं, हेमराजनं, ते दुपट्ट्यात गुंडाळून घरी आणलं. मी त्याले काट्यावर ठेवलं तं दोनशे चाळीस ग्रॅम. जनावराच्या डॉक्टर हर्षा मॅडमले फोन केला. त्या म्हणाल्या, महिन्याच्या पिलाले चारशे पाहिजे, एकदा आणून दाखवा. मी मनात म्हणलं, दाखवायचं काय आहे त्यात? खायले नाई भेटलं बिचाऱ्याले. मी खाऊ घालतो न.

अन घातलं बाप्पा! दर दोन तासानं ड्रॉपरनं बकरीचं कोमट दूध, अंड्याचा पिवळा भाग, उकडलेली कलेजी कुस्करून. कॅलेंडरच्या मागं त्याचा तक्ताही काढला, लेकरायचा असते तसाच, तीन रंगाचा. चार दिवसात तीनशे झालं. मंग तीनशे साठ. मी अख्ख्या गल्लीले सांगत सुटली. हेमराज म्हणे, "आपल्या पोरीच्या टायमाले तू एवढी नाचली नव्हती."

शेजारची रुखमाबाई एक दिवस पाहून म्हणाली, "अवो बाई, याचं पोट काऊन एवढं फुगून राह्यलं?"

मले असा राग आला! "खाल्लं तं पोट दिसनच न," म्हणलं, "तू नजर नको लावू." ती गेल्यावर मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकली, पिलाच्या कपाळाले काजळ लावलं. पाठीवरून हात फिरवला का कणा टोचे. पण मीच मले समजावलं, मांजराची जात अशीच असते.

बाराव्या दिवशी चारशे दहा. हिरव्या पट्ट्यात आलं! मी फोटो काढला, नागपूरच्या पोरीले पाठवला.

तेराव्या दिवशी सकाळी त्यानं ड्रॉपरकडून तोंड फिरवलं. मान उचलेना. मंग मात्र गाडीवर बसून धावलो दोघं दवाखान्यात.

मॅडमनं पोटाले दोन बोटं लावली अन माह्याकडं पाह्यलं. "बाई, हे वजन पिलाचं नाई. पोटात पाणी भरलं आहे, अन जंत. पाठीवर पाहा, मांस कुठी आहे?" मंग हळूच विचारलं, "जंताचं औषध दिलं होतं काय?"

वर्साले दोनदा गावातल्या एकेका लेकराले जंताची गोळी मी माह्या हातानं देतो. चावून गिळल्याबिगर जाऊ देत नाई. आमच्या अंगणवाडीत लेकराचं वजन अचानक वाढलं तं खुश होत नाई आम्ही. आधी पायावर अंगठा दाबून पाहतो, खड्डा पडते का. सूज असली का काटा खोटं बोलते. नव्या बायायले हे मीच शिकवलं. पिलाच्या टायमाले मले काहीच आठवलं नाई, कारण मले आकडा पाहिजे होता.

मॅडमनं औषध पाजलं, सुईनं थोडं पाणी काढलं. म्हणाल्या, "आठ दिवस आधी आणलं असतं तं..."

घरी येता येता माह्या मांडीवरच गेलं. हेमराजनं आंब्याखाली खड्डा केला. मी रडून राह्यली तं तो म्हणे, "पिल्लूच होतं न वो. तू तं जीव तोडून केलं त्याचं."

मी त्याच्यावर वरडली. म्हणलं, काय केलं मी? ते बारा दिवस माह्या हातावर मरून राह्यलं होतं, अन मी गल्लीभर पेढे वाटल्यासारखी सांगून राह्यली होती, वाढलं, वाढलं.