बद्रीनाथाचा पाय आणि मी

या मित्रांनो, जरा पुढे सरका. कीर्तनाला बसता तसे मांडी घालून बसा. माझ्याजवळ टाळ नाही, वीणा नाही, पण आज तुम्हांला एका पायाची आणि एका चाकाची गोष्ट सांगणार आहे. अर्ध्यातून उठू नका, एवढेच म्हणणे.

मी एक जुनी सायकल आहे. औरंगाबादेत, गुलमंडीच्या मागच्या एका बोळात उभी असते.

निजामाचे राज्य घालवणारी पोलीस ॲक्शन होऊन चारेक वर्षे झाली होती. त्याचा हाली रुपया अजून हातातून हातात फिरत होता. त्या काळी एका कापडदुकानाच्या ओट्यावर बद्रीनाथ शिंपी हातमशीन घेऊन बसत असे. पायमशीन त्याला चालायचे नाही. सहाव्या वर्षी ताप आला आणि डावा पाय काडीसारखा वाळून गेला. पण हात मात्र देवाने असे दिले होते, की पखवाजावर पडले की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलायची.

दौलताबादच्या पलीकडे, सडकेपासून दीड कोस आत, एका वाडीत विठ्ठलाचे छोटे देऊळ होते. तिथे दर शुद्ध एकादशीला दुपारी तात्याबुवांचे कीर्तन असे. पूर्ण नाव तात्यासाहेब, पण सगळे तात्याबुवाच म्हणत. काय तो गळा! बुवा नमनाला उभे राहिले की झाडावरची पाखरेसुद्धा गप्प बसायची, असे मी अजून म्हणते. त्यांनी एकदा शहरात बद्रीनाथाचा हात ऐकला आणि सांगून टाकले, साथीला तूच ये. बद्रीनाथाला आभाळ ठेंगणे झाले. पण जायचे कसे? बैलगाडी मिळाली तर जायचा. नाही मिळाली तर एकादशीची ती दुपार शिवण्यात घालवायचा आणि सुई बोटात टोचून घ्यायचा.

समोरच मजीद मिस्त्रीचे सायकलदुकान होते. तो हे सगळे बघत होता. बद्रीनाथाने पुष्कळदा दुकानातली सायकल चालवून पाहिली, पण उजवा पाय खाली गेला की डावे पायडल वर येऊन अडायचे. डाव्या पायात ते दाबायची ताकद नव्हती. शिवाय नवी सायकल घ्यायला पैसाही नव्हता.

मग मजीदने मला भंगारातून जमवले. सांगाडा एका मोडक्या सायकलीचा, पुढचे चाक जुन्या बाजारातले, सीट फाटकी, तिला बद्रीनाथाने स्वतः जाड कापडाची खोळ शिवली. मजुरीच्या बदल्यात मजीदच्या घरच्यांचे कपडे वर्षभर शिवून द्यायचे ठरले. राहिले मागचे चाक. ते कोपऱ्यात कितीतरी दिवस पडून होते. त्याचे दातेरी चक्र चाकाला पक्के जखडलेले होते. चाक फिरले की पायडल फिरणारच, पाय थांबवायची सोयच नाही. असले चाक कुणी फुकट नेत नसे.

मजीदने ते बसवले, डाव्या पायडलला चामड्याचा पट्टा शिवून घेतला, पुढे एक ब्रेक लावला आणि म्हणाला, "बद्रीभाई, ये चाक किसी को नै होना. पण मला वाटतंय, ते तुझीच वाट बघत होतं."

ओट्याचा आधार घेऊन बद्रीनाथ बसला. उजवा पाय दाबला. मी पुढे झाले, आणि माझ्या चाकानेच त्याचा डावा पाय उचलला, वरून पुढे आणला, खाली नेला. पुन्हा उजवा. पुन्हा मी. बोळाच्या टोकापर्यंत गेलो, तेव्हा बद्रीनाथाचे डोळे भरले होते. घरी आल्यावर बायको द्वारकाबाईला तो एवढेच म्हणाला, "डावा पाय पळाला आज."

मित्रांनो, त्यानंतरची बारा वर्षे माझ्या सुखाची. मागे पखवाज बांधायचा, पहाटे अंघोळ करून निघायचे. चढ आला की तो उतरून माझ्या खांद्यावर हात टाकून चालायचा. आणि उतार आला की काय सांगू! मी सुटायची आणि त्याचे दोन्ही पाय गरागरा फिरायचे. डाव्याला आपण वाळलो आहोत हे आठवायचेच नाही. सहा वर्षांचे पोर शेतातून पळावे तसा तो पळायचा. देवळाशी पोचलो की मी भिंतीला टेकून पूर्वरंग ऐकायची, उत्तररंग ऐकायची. बुवांनी शब्द टाकायचा आणि बद्रीनाथाच्या थापेने तो झेलायचा.

आता घोटाळा कसा झाला तो ऐका. मंडळीत रामकिसन नावाचा टाळकरी होता. माणूस दांडगा, मनाचा निर्मळ. एकदा त्याने मला हौसेने घेतले आणि वाडीच्या उतारावर सोडले. खाली मारुतीचे देऊळ. रामकिसनने सवयीप्रमाणे पाय थांबवले आणि नमस्काराला हात उचलले. मी कशी थांबणार? पायडल नडगीवर बसले आणि स्वारी कडब्याच्या गंजीत गेली. बाहेर आला तो पटक्यात कडबा घेऊनच.

"बद्री, ही सायकल नाय, हट्टी म्हैस हाय," तो नडगी चोळत म्हणाला. "उतारालाबी इसावा देईना. बारा वर्सं कसं सोसलंस रं?"

सगळे हसले. पण बद्रीचे ते सोसणे रामकिसनच्या मनाला लागले. त्याने गुपचूप वर्गणी काढली. पुढच्या एकादशीला कीर्तन संपल्यावर पाहतो तो काय, माझे मागचे चाक नवे कोरे, त्यात चकचकीत फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबला तरी चाक मोकळे फिरत राहील असे! कीर्तन चालू असतानाच वाडीतल्या मिस्त्रीने काम उरकले होते. जुने चाक मोडीतही गेले. तात्याबुवांनी नारळ दिला, बद्रीनाथाच्या पाठीवर हात ठेवला आणि देवासमोर म्हणाले, "आता उतारावर तरी निवांत राहा, बाळा."

बद्रीनाथाने बुवांच्या पायावर डोके ठेवले. दुसरे करणार तरी काय? मला हार घालून रामकिसनच्याच बैलगाडीतून मिरवत शहरात आणले.

दुसऱ्या दिवशी बोळात तो बसला. उजवा पाय खाली गेला, डावा वर आला आणि तिथेच राहिला. माझे चाक एकटेच पुढे फिरत होते, पायाला सोबत नेत नव्हते. मी कलंडले. तो तीनदा पडला, तीनदा उठला. मग त्याने मला भिंतीला टेकवले.

द्वारकाबाई म्हणाली, "सांगा की त्यास्नी सरळ."

"काय सांगू? बुवांनी देवाम्होरं दिलंय. मंडळींनी पोटाला चिमटा घिऊन आणलंय. त्यास्नी म्हणू, तुमच्या मायेनं माझा पाय बसला?"

मजीदला सांगितले असते, पण तो डोळ्यांच्या दुखण्यामुळे दुकान बंद करून सिल्लोडला लेकीकडे, सगीराकडे, राहायला गेला होता. बैलगाडीने जावे, तर मंडळी सायकलीचे विचारणारच, म्हणून बद्रीनाथाने वाडीला निरोप धाडला, लग्नसराईचे काम फार आहे. पुढच्या महिन्यातही तोच निरोप. त्याच्या पुढेही. एकादशीच्या दुपारी तो मशीन थांबवायचा. मांडीवर बोटे हलायची. कुणाच्या तरी शब्दाची वाट बघितल्यासारखी थबकायची, पुन्हा हलायची. माझ्या साखळीवर तांबेरा चढला. चार महिन्यांनी वाडीचा एक माणूस कापड घ्यायला आला आणि सांगून गेला, बुवांनी अंथरूण धरलंय. घडीघडी विचारतात, "बद्रीनाथ माझ्यावर रुसला का?"

त्या दिवशी बद्रीनाथ जेवला नाही.

देवाची कृपा म्हणायची, त्याच आठवड्यात मजीद परतला. एका डोळ्याला अंधुक दिसत होते. त्याने माझ्यावरून हात फिरवला, बोटाला लागलेला तांबेरा चोळला, मागचे चाक उचलून पायडल उलटे फिरवले. ते रिकामेच फिरले. 

"किसने किया ये?"

बद्रीनाथाने सगळे सांगितले आणि हात जोडले. "काढू नका, मजीदभाई. ते प्रसादाचं हाय."

"काढतो कोण?" मजीद म्हणाला. "प्रसाद अंगी लागायला पाहिजे, बस."

त्याने भट्टी पेटवली. फ्रीव्हील उतरवून त्याच्या आतल्या फटींत पितळेचा पक्का डाख दिला आणि परत बसवले. वस्तू मंडळीचीच राहिली, फक्त तिचे मोकळे फिरणे संपले. बद्रीनाथ बसला. डावा पाय वर आला आणि मी तो पुढे नेला.

एकादशी नव्हती, तरी आम्ही तसेच निघालो. वाडीत बुवा घोंगडीवर पडून होते. आमची वाट बघत ते जिवंत होते, पण गळा गेला होता. बद्रीनाथाने पायांशी बसून खरे काय ते सांगून टाकले.  बुवा कान लावून ऐकावे लागेल एवढ्या बारीक आवाजात म्हणाले, "अरे, दिलं मी, पण तुझ्या पायाला विचारलंच नाही." दारात उभा असलेला रामकिसन पटक्याच्या टोकाने डोळे पुसत होता.

बुवांनी पखवाजाकडे बोट केले. बद्रीनाथ वाजवू लागला. बुवांचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. जिथे जिथे तो गळा लागायचा, तिथे तिथे बद्रीनाथाने हात थांबवून जागा मोकळी सोडली. मी बाहेर भिंतीशी उभी राहून त्या मोकळ्या जागा ऐकल्या. तसे कीर्तन पुन्हा माझ्या नशिबी आले नाही. पंधरा दिवसांत बुवा गेले.

मित्रांनो, आता बद्रीनाथही नाही. मला कुणी चालवत नाही, त्याचा राग नाही. फक्त एक सांगते. कुणावर माया करून त्याचे काही बदलायला निघालात, तर आधी त्याच्याजवळ बसा, त्याला विचारा. आणि कुणी मायेने दिलेले सोसत नसेल, तर चार महिने गप्प राहू नका.

आणि एवढे एक मागणे पदरात घाला. कधी पखवाज ऐकलात आणि वाजवणारा मध्येच हात थांबवून कुणाच्या गळ्याची वाट बघताना दिसला, तर माझ्या बद्रीनाथाची आठवण काढा.