पाच भाषणं आणि एक विहीर

"आये, तू बघच! आबांच्या दहाव्याला पाच पुढारी बोलत्यात. असा दहावा डिंगोऱ्यात झाला न्हाई आन् व्हणारबी न्हाई!" घाटावर खुर्च्या लावून घेत गोरक्ष आईला म्हणाला.

पहिल्या पुढाऱ्यानं माईक धरला. "कैलासवासी गुरुजींनी तीन पिढ्या शिकवल्या..."

गोरक्षचा बाप यमाजी तिसरीतून शाळा सोडून मेंढरांमागं गेलेला. पण पुढाऱ्याच्या खिशात त्या सकाळच्या तीन दहाव्यांच्या चिठ्ठ्या होत्या, हाताला लागली ती त्यानं काढली. गोरक्षनं हातवारे करून थांबवायला पाहिलं. पुढाऱ्यानं त्यालाच नमस्कार केला आणि गुरुजींचं हस्ताक्षर किती सुंदर होतं ते सांगितलं.

दुसरा बिबट्यावर बोलला. तिसरा कांद्यावर. खाली बसता बसता त्याला मयताची आठवण झाली, तेव्हा त्यानं उभ्या उभ्या श्रद्धांजली उरकली.

गोरक्षची आई सुंदराबाई कान देऊन बसली होती. विहिरीचं कोण बोलतंय, एवढंच तिला ऐकायचं होतं. बापाची मेंढरं विकून यमाजीनं माळ घेतला आणि तीन उन्हाळे कातळ फोडला. तो खाली पहार मारायचा, ही वर रहाटाला. पाणी लागलं त्या दिवशी हाका मारल्या तरी तो वर येईना. अंगावर दगड पडला असेल म्हणून लोक धावले. हा गुडघाभर पाण्यात बसून पोरासारखा रडत होता. त्याच पाण्यावर चाळीस वर्षं घर जेवलं.

"गोरक्षा, चिठ्ठीत हिरीचं लिवलंस ना रं?"

"हळू बोल की, आये! हिरीचं कशाला? बुजवल्याचं निघंल मग!"

शेतकरी काही रिटायर होत नाही. गोरक्षनं मात्र बापाला केलं. शाल, नारळ आणि पडवीतली खाट. मागच्या वर्षी मंगल कार्यालयाच्या पार्किंगसाठी विहिरीत मुरमाचे डंपर रिकामे व्हायला लागले, तेव्हा खाटेवरून म्हाताऱ्यानं एवढंच विचारलं, "पाणी तरी उपसून घेतलं का रं?"

चौथा पुढारी बोलून गेला. पाचव्याचा फोन आला, की तो दुसऱ्याच घाटावर बोलून मोकळा झालाय. माणसं उठायला लागली.

सुंदराबाई उठली. पदर खोचून सरळ पुढं गेली आणि खुर्चीवर ठेवलेला माईक तिनं दोन्ही हातांनी तोंडाशी धरला. जन्मात पहिल्यांदा.

"ह्यो माणूस गुरुजी नव्हता," ती म्हणाली. "ह्यानं हिर खांदली. तीन उन्हाळं. रहाटाला मी व्हते. लई ग्वाड पाणी व्हतं. ती हिर आमच्या पोरानं बुजवली. आता तिच्यावर वऱ्हाडाच्या गाड्या उभ्या ऱ्हात्यात."

कुणी दचकलं नाही. पाहुणे चपला शोधत होते. गोरक्ष हात जोडून एकेकाला वाटेला लावत होता. तिनं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, या वेळी जरा मोठ्यानं.

सून पुष्पा जवळ आली. तिनं सासूच्या हातातून माईक हळूच सोडवला.

"आत्या, चला आता. कवाचा बंद हाय त्यो."

येडगावच्या दहाव्याला उशीर होत होता म्हणून साउंडवाल्या अजीजनं भोंगे आधीच उतरवून टेम्पोत भरले होते.