झाडू कुणाचा लागला

डोरीनने रिमोट हिसकावून घेतला आणि तेच दृश्य पुन्हा मागे नेलं. कर्लिंग क्लबच्या वरच्या मजल्यावर, खालचा बर्फ दिसतो त्या मोठ्या काचेपाशी, पंधरा-वीस माणसं कॉफीचे कप हातात धरून टीव्हीसमोर उभी होती. दृश्य सगळ्यांना पाठ होतं. वीस किलोचा दगड बर्फावरून सरकत येतो, रिंगणात शिरतो, मधली रेषा ओलांडतो. त्याच्यापुढचा बर्फ घासायला दोन झाडू वाकतात, कारण घासलेल्या बर्फावर दगड लांब जातो. एक प्रांताच्या मुख्यमंत्र्याचा, ट्रेव्हर हाल्वरसनचा. दुसरा समोरच्या संघातल्या, आमच्या गावच्या वर्ना ओलिनिकचा. दगड जरासा अडखळतो, किंचित वळतो आणि रिंगणाच्या काठावर थांबतो. मुख्यमंत्र्याचा संघ एका गुणाने जिंकतो.

"हे बघा. इथे. लागला की नाही त्याचा झाडू?"

"तुझ्या डोक्याला लागलाय," लेस ड्यूक म्हणाला. लेसच्या टोपीवर हाल्वरसनचं नाव होतं आणि गेली चार वर्षं ती टोपी त्याने चर्चमध्येही नाइलाजानेच काढली होती. "त्या माणसाला शिंक आली तरी तुमचे चॅनलवाले साथ आली म्हणून ओरडतील."

"त्याला शिंक आली तर तू रुमाल घेऊन धावशील, लेस."

"धावीन! तुम्ही लोकांनी त्याला जगू दिलंय कुठे?"

कर्लिंगच्या क्लबातल्या खेळाला पंच नसतो. सरकत्या दगडाला ज्याचा झाडू लागला त्याने आपण होऊन हात वर करायचा आणि सांगायचं, मग त्या दगडाचं काय करायचं ते समोरचा कप्तान ठरवतो. पहिलीतल्या मुलांना इथे पहिल्या दिवशी हेच शिकवतात. हिवाळी जत्रेतल्या त्या मैत्रीच्या सामन्यात हात कुणीच वर केला नव्हता. कुणाच्या तरी मोबाइलवरचं चित्रण दुसऱ्या दिवशी प्रांतभर गेलं, चौथ्या दिवशी देशभर. खेळात खोटं वागणारा माणूस प्रांत कसा चालवणार, असं एका चॅनलने विचारलं. दुसऱ्याने एक प्राध्यापक आणून बसवला. त्याने चित्रावर पिवळ्या रेघा मारून झाडू आणि दगड यांच्यातलं अंतर मोजलं. आणि हाल्वरसन विधानभवनाच्या पायऱ्यांवर उभा राहून, गळा भरून आल्यासारखं करत म्हणाला, "माझ्या कामात यांना काही सापडत नाही, म्हणून हे माझ्या झाडूच्या मागे लागलेत."

त्या वाक्यावर वरच्या मजल्यावरचे निम्मे लोक टाळ्या वाजवायचे आणि निम्मे शिव्या द्यायचे. आमच्या केल्सी फ्लॅट्स गावाने आयुष्यात एवढा उत्साह कशासाठी दाखवला नव्हता.

खरं तर ज्याला हा खेळ कळतो त्याला आधी हसू यायला हवं होतं. तो दगड हाल्वरसनचाच होता. तो रिंगणात थांबायला हवा होता; मधल्या रेषेपलीकडे झाडू मारून त्याला बाहेर घालवायची मुभा वर्नाच्या संघाला होती. आणि हा बहाद्दर स्वतःच्याच दगडापुढे झाडू मारून त्याला बाहेर घालवत होता, कारण वर काचेमागे कॅमेरे होते आणि झाडू मारताना माणूस कामाचा दिसतो. हे त्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं नाही, चॅनलच्या लक्षात आलं नाही, लेसच्या आलं असेल पण तो कशाला बोलतोय.

"वर्ना, तू तर वीतभर अंतरावर होतीस," डोरीन मागे वळून म्हणाली. "सांग की या टोपीवाल्याला."

वर्ना मागे जिन्यापाशी मफलर गुंडाळत उभी होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"मी दगडाकडे बघत होते," ती म्हणाली. "चल डोरीन, ओरेस्टच्या गोळ्यांची वेळ झाली."

गाडी सुरू करून काच गरम होईपर्यंत थांबायला लागतं. तेवढ्यात वर्नाने ते सांगून टाकलं.

"झाडू माझा लागला."

डोरीनचा हात गिअरवर तसाच राहिला.

"मनगटाला कळतं ना ते. चौरेचाळीस वर्षं खेळतेय मी. हात वर करायला लागले होते, तेवढ्यात वरून कुणीतरी ओरडलं, मुख्यमंत्र्यांनी लावला, मुख्यमंत्र्यांनी लावला. आणि मी त्याच हाताने टोपी सारखी केली."

"त्याला माहितीये?"

"तो दगडाकडे बघतच नव्हता. वर कॅमेऱ्याकडे बघून दात दाखवत होता."

डोरीनने काचेवरचं धुकं बाहीने पुसलं. मग एकदम हसायला लागली, आणि हसणं थांबल्यावर तिचा आवाज बदलला होता.

"मग झालं काय त्यात? हजार वेळा खोटं बोललाय तो, अंगाला एक म्हणून चिकटलं नाही. हे एक चिकटतंय तर चिकटू दे. तू गप्प बस, वर्ना. ओरेस्टसाठी तरी गप्प बस."

चौदा महिन्यांपूर्वी हाल्वरसनच्या सरकारने आमच्या हॉस्पिटलची इमर्जन्सी बंद केली. दारावर 'तात्पुरती बंद' असा कागद लावला. तो कागद उन्हाने पिवळा पडला तेव्हा त्याच मजकुराचा नवा लावला. बंद झाल्याच्या नवव्या दिवशी वर्नाचा नवरा ओरेस्ट सकाळी अंगणातला बर्फ काढता काढता पडला. घरापासून चार मिनिटांवर हॉस्पिटल. वर्नाने त्याला चौऱ्याण्णव किलोमीटर नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि आधी आला असतात तर, असं म्हणून वाक्य सोडून दिलं. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. ओरेस्ट म्हणजे मेंढी चुकली तरी तासभर गोष्ट सांगणारा माणूस. आता हो, नाही, वर्ना, एवढंच धड उरलं होतं. बाकीचा एकेक शब्द विहिरीतून काढल्यासारखा काढावा लागे.

तेव्हा डोरीनने तीन चॅनलना पत्रं लिहिली होती. एकाचं उत्तर आलं. लहान गावांच्या अशा बातम्या फार असतात, असं त्यात फार सभ्य भाषेत लिहिलं होतं. आणि आता एका झाडूसाठी तीन गाड्या आल्या होत्या, छपरावर तबकड्या लावलेल्या. त्या कुठे लावल्या होत्या? हॉस्पिटलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, इमर्जन्सीच्या दारासमोर, कारण गावात तेवढी मोकळी जागा दुसरी नव्हती. त्या कागदाकडे त्यांच्यातल्या एकानेही मान वर करून पाहिलं नाही.

गप्प बसणं वर्नाला पाच दिवस जमलं. सकाळी दात घासताना आरशात बघायचं ती टाळू लागली. हाल्वरसनची तिला चीड होती ती याच एका गोष्टीची, की काहीही झालं तरी हा माणूस कधी हात वर करत नाही. सव्वीस वर्षं तिने गावच्या मुलांना कर्लिंग शिकवलं होतं. आता तीच, त्या माणसाच्या शेजारी उभी राहून, त्याच्यासारखीच वागली होती, आणि वर त्याच्या नावाने खडे फोडणाऱ्यांच्या घोळक्यात कॉफी पीत होती. तिला स्वतःची किळस आली.

सहाव्या दिवशी टॅरिन नावाच्या चॅनलवालीचा फोन आला. दोन दिवस ती दारात चिठ्ठ्या टाकत होती.

"मिसेस ओलिनिक, तुम्ही एकट्या इतक्या जवळून पाहिलंय. लोकांना तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"सांगते," वर्ना म्हणाली. "एका अटीवर. आधी माझ्या नवऱ्याचं ऐकून घ्यायचं. कॅमेरा लावून, पूर्ण. मग झाडूचं."

"अहो, नक्की! का नाही!"

दुपारी टॅरिन आणि एक कॅमेरावाला स्वयंपाकघरात आले. ओरेस्टला खिडकीशी बसवलं. वर्नाने इमर्जन्सीच्या दारावरचा कागद, नववा दिवस, रस्ता, घड्याळ, सगळं क्रमाने सांगितलं. मग ओरेस्टने डावा हात वर केला, म्हणजे त्याला बोलायचं होतं. सगळे थांबले. कपाळावर घाम येईपर्यंत तो जिभेशी झगडला. कॅमेरावाल्याने एकदा टॅरिनकडे पाहिलं, तिने घड्याळाकडे.

"चार... मिनिटं... होतं," ओरेस्ट म्हणाला. थांबला. "चौऱ्याण्णव... गेलो."

वर्नाला वाटलं, एवढ्यावर कुणाही माणसाला कळायला हवं. सगळं मिळून अकरा मिनिटं झाली.

"किती हृदयस्पर्शी," टॅरिन म्हणाली. "बरं, आता तो क्षण. मुख्यमंत्र्यांचा झाडू दगडाला लागला ना?"

"नाही. माझा लागला."

"म्हणजे?"

"माझ्या झाडूने दगड अडला. मी हात वर करायला हवा होता, केला नाही. चूक माझी. त्या माणसाबद्दल मला काडीचा आदर नाही, पण झाडू माझा होता."

टॅरिनच्या डोळ्यांत पहिल्यांदाच काहीतरी पेटलं. तिने ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, मग तोंड खिडकीकडे करून एकदा, मग काडीचा आदर नाही हा भाग वगळून एकदा. कॉफीला हात न लावता ती उठली. जाताना ओरेस्टच्या खांद्यावर तिने हात ठेवला, मात्र त्याचं नाव तिला आठवलं नाही.

"तुमचंही दाखवणार हं आम्ही," ती त्याला मोठ्या आवाजात म्हणाली, तो बहिरा असल्यासारखी.

सहाच्या बातम्यांना वर्नाने त्याची खुर्ची टीव्हीसमोर ओढली. दुपारी घातलेला निळा शर्ट त्याने बदलू दिला नव्हता. पहिली बातमी तीच होती. वर्ना खिडकीकडे तोंड करून म्हणाली, झाडू माझा होता. आठ सेकंद. मग तेच दृश्य, आता तिच्या झाडूभोवती लाल वर्तुळ काढून. मग हाल्वरसन, पायऱ्यांवर, मागे झेंडे आणि भोवती चौदा माइक.

"मला त्याच क्षणी माहीत होतं," तो म्हणाला. "पण त्या बाईंना लाज वाटू नये म्हणून मी गप्प बसलो. इतके दिवस या माध्यमांचे वार अंगावर घेतले. मी त्यांना माफ केलंय."

पायऱ्यांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्या चॅनलने आठवडाभर त्याला खोटारडा म्हटलं होतं त्याच्याच निवेदकाने आता मान कलती करून विचारलं, मुख्यमंत्र्यांच्या या मोठेपणाचा निवडणुकीवर काय परिणाम होईल? पिवळ्या रेघांचा प्राध्यापक पुन्हा आला होता. त्याचं त्यावरही मत होतं.

फोन वाजायला लागला. डोरीन असणार. वर्नाने तो उशीखाली सारला. मी माफी मागितलीच कधी होती याच्याकडे, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण ओरेस्ट बातम्या बघत होता. डाव्या हाताने खुर्चीचा हात घट्ट धरून तो पुढे झुकला होता. झाडूची बातमी संपली. गव्हाचे भाव झाले. हॉकी झाली. हवामान सांगणारी मुलगी आली, उद्या उणे एकतीस म्हणाली आणि हसून गेली. शेवटी एका कुत्र्याची बातमी होती. तो बर्फात हरवला होता आणि सापडला. त्याला दीड मिनिट मिळालं.

जाहिरात सुरू झाली तरी ओरेस्टने नजर हलवली नाही. मग त्याने वर्नाकडे पाहिलं.

"मी?" तो म्हणाला.

शब्द अगदी स्वच्छ आला, न अडखळता.

वर्ना त्याच्या शेजारी बसली. दुपारी प्रांतासमोर खरं बोलताना तिचा आवाज जेवढा स्थिर होता, तेवढाच आताही होता.

"उद्या," ती म्हणाली. "तुझं मोठं आहे ना, म्हणून उद्या वेगळं दाखवणारेत. त्या पोरीने मला मुद्दाम सांगितलं जाताना."

ओरेस्टने मान हलवली. त्याला पटलं होतं. संसाराच्या चौरेचाळीस वर्षांत बायको त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. मग त्याने शर्टाच्या बटणांकडे बोट दाखवलं, आणि पलीकडच्या खुर्चीकडे, म्हणजे उद्याही त्याला तोच घालायचा होता. वर्नाने शर्ट हलकेच उतरवला, चुरगळणार नाही असा त्या खुर्चीच्या पाठीवर टाकला, आणि कॉलर सरळ करत राहिली.