हिराची घोंगडी

कच्... कच्... कच्. कातरीचा तो आवाज अजून माझ्या धाग्यांत आहे. बोरी बुद्रुकच्या माळावर भिमा मेंढीला गुडघ्यांत धरून कातरत होता आणि त्याची बायको हिरा शेजारी बसून काळी लोकर पाटीत भरत होती. ती लोकर म्हणजे मीच. मी घोंगडी. आता विरले आहे, एका कडेला उंदरानं कुरतडलंय, पण थोडी ऊब शिल्लक आहे. तेवढ्यावर बोलते.

माझं सूत हिरानं कातलं. सणगरानं मला मागावर विणून चिंचोक्याची खळ दिली. पहिल्या वर्षी मी इतकी ताठ होते, की भिमा म्हणायचा, "ही घोंगडी न्हाई, दाराची फळी हाय."

"माणसाच्या अंगाला लागली की व्हईल मऊ," हिरा म्हणायची. "तुमी न्हाई का झाला?"

झाले मी मऊ. मेंढरांमागं भिमाच्या खांद्यावर हिंडले, पावसात त्याची खोळ झाले. आवडता पाहुणा आला की मला अंथरायचे. नावडता आला की "घोंगडी धुतलीया" म्हणायचे आणि मी कोरडीच पेटीत पडून राहायचे. हिरानं लेकरांना पाजलं तेही माझ्याच आडोशाला. पुढं मेंढरं विकली, रानात कांदा आला, मुलगा चाकणला कामाला गेला. मी मात्र हिराच्या अंगावरून हलले नाही.

तिची पाळी जाऊन काही वर्षं झाली होती. थंडीत ती मला छातीशी ओढून बसायची, म्हणून तिच्या छातीतली गाठ सगळ्यांच्या आधी मला लागली. डाव्या बाजूला, हरभऱ्याएवढी. दुखत नव्हती, म्हणून हिरा बोलली नाही. मला बोलता येत नव्हतं. लिंबाएवढी झाली तेव्हा भिमाची भाची तेजस्विनी, जी नारायणगावला दवाखान्यात नर्स आहे, तिच्या हाताला लागली. पुण्याला ऑपरेशन झालं, छाती काढली. डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली. रोज एक, पाच वर्षं.

"गाठ काढली, मग गोळी कशापाई?" भिमानं विचारलं.

तेजस्विनी माझ्यावर मांडी घालून बसली. "मामा, बाईच्या अंगात एक रस असतो. इस्ट्रोजेन म्हणतात. मुलगी वयात येते, पाळी येते, ती त्याच्यामुळं. मामीची गाठ त्याच रसावर वाढणारी निघाली. तिचा एखादा कण अंगात राहिला असेल, तर तोही त्याच्यावरच वाढणार."

"आता कुठला रस? पाळी तर कवाच गेली."

"गेली तरी अंगातल्या चरबीत तो थोडा थोडा बनतोच. ही गोळी तो बनू देत नाही."

भिमा पुढं सरकला. "म्हंजी बाईपणच बाईला खातंय व्हय?"

"तसं नाही मामा. रस वाईट नाही. त्याच्यामुळंच तर लेकरं होतात, घरं उभी राहतात. पण गाठीला तोच लागतो."

"म्हंजी गाठीची वैरण तोडायची," हिरा म्हणाली. "एवढंच ना? मग उगं पुराण कशाला सांगतीस?" आणि तिघंही हसली.

गोळी सुरू झाली आणि हिरा मला दूर सारू लागली. पौषातल्या सकाळी अंगणात बसलेली असायची, गाव शेकोटीला टेकलेलं, आणि हिचं तोंड लाल व्हायचं, मान घामानं भिजायची. मला भिरकावून ती पदरानं वारा घ्यायची. बोटांचे सांधेही धरायचे.

आमच्याकडं अंग तापलं की त्याला एकच नाव, उष्णता. भिमानं सब्जा भिजवला, गुलकंद आणला, तळपायाला काशाची वाटी घासली. काही उतरेना. तेव्हा एक दिवस तो तिच्याशेजारी टेकला आणि हळूच म्हणाला, "गोळी लई उष्ण पडतीया तुला. ऱ्हाऊ दे. गाठ तर गेलीच हाय. मला बघवत न्हाई."

हिरालाही तेच हवं होतं. तेजस्विनीला सांगितलं असतं, तर तिनं डॉक्टरांना विचारलं असतं. त्रास कमी करायला उपाय असतात, गोळी बदलूनही मिळते. पण गोळी उष्ण पडली की बंद करायची, हे घरात सगळ्यांना माहीतच होतं. त्यात विचारायचं काय?

गोळी बंद झाली आणि थोड्याच दिवसांत घाम थांबला. हिरानं मला पुन्हा अंगावर ओढलं. मला किती आनंद झाला! माझं माणूस मला परत मिळालं होतं. आज त्या आनंदाचीच मला सल आहे. ती मला फेकत होती, तोवर गाठ उपाशी होती.

बायांनो, कुणाची घोंगडी अशी दूर पडत असेल, तर पडू द्या. त्रास डॉक्टरांना सांगा. गोळी मनानं सोडू नका.

यंदा हिराची पाठ दुखू लागली. कांदा काढून दुखतेय म्हणून भिमानं तेल चोळलं. पण गाठीचा राहिलेला कण हाडात जाऊन वाढला होता. काल तेजस्विनी पुण्याचे रिपोर्ट घेऊन आली. दुसरी औषधं आहेत म्हणाली, आजार काही काळ धरून ठेवता येईल. मुळापासून मात्र आता जायचा नाही.

मग तिनं विचारलं, "मामी, गोळी रोज घेत होतीस ना?"

भिमानं तोंड उघडलं. त्याच्या आधी हिरा बोलली.

"इसरायची गं मी. ध्यानात ऱ्हात न्हाई आताशा."

"मामा आठवण करून देत नव्हते?"

"रोज करून द्यायचे. मीच ऐकलं न्हाई. त्यांना काय बोलू नकोस."

भिमानं मला जमिनीवरून उचललं, झटकलं आणि हिराच्या पायांवर पसरलं. कडा नीट खोचल्या. त्याचा हात माझ्यावर थोडा थांबला. हिरानं त्याच्याकडं बघितलं. तो उठला, चपला न घालताच, आणि मेंढरांच्या रिकाम्या वाड्याकडं चालत गेला.