मामंजींची सावली

टण्.

बाल्कनीत स्टीलचा वाडगा फरशीवर आपटला आणि दुपारची शांतता फुटली. माझ्या मनात आलं ते एवढंच, की आता बाळ उठणार. तासभर थोपटून थोपटून जेमतेम झोपलेलं बाळ. लेकीच्या गणवेशाला बटण लावणं अर्धवट सोडून मी कानोसा घेतला. त्यानं ओठ वाकडे केले, एक उसासा टाकला, पुन्हा झोपलं.

"काय हो मामंजी," मी दातओठ खाऊन पुटपुटले.

मामंजी म्हणजे आमचा कुत्रा. काळाकुळकुळीत, अकरा वर्षांचा, नवऱ्याचा लग्नाआधीचा सोबती. मी या घरात आले तेव्हा सासरे नव्हते, पण हे उंबऱ्यात आडवे पडले होते. मला, माझ्या बॅगेला, चपलांना सावकाश हुंगून मगच आत सोडलं. तेव्हापासून हे नाव, आणि हे अहोजाहो. बाळ आल्यावर मी त्यांना एकच गोष्ट शिकवली: बाळ झोपलं की भुंकायचं नाही. मी ओठांवर बोट ठेवलं की ते तोंड मिटत. आल्यागेल्यासमोर मी ते मिरवायचे.

आज त्यांची नखं फरशीवर टिकटिक करत होती, म्हणून जेवणं झाल्यावर त्यांना बाल्कनीत पाठवून दार लावलं होतं. वाडगाभर पाणी ठेवलं. दोरीवर चादरी वाळत होत्या, त्यांच्याखाली ते पसरले. थोड्या वेळानं चादरी वाळल्या, म्हणून काढून आणल्या आणि दार पुन्हा लावलं. नंतर ऊन त्या बाजूला वळलं.

"आई, मामंजी दार खाजवतायत," चार वर्षांची लेक मघाशी म्हणालीसुद्धा.

"त्यांना काय, घडीत आत, घडीत बाहेर. तू पड बघू."

आता काहीच वाजत नव्हतं. मला हवं होतं तेच. तरी मी उठले.

दार उघडताच भट्टीसारखी झळ आली. अनवाणी पाऊल टेकलं आणि चटकन मागे घेतलं. वाडगा उपडा. मामंजी भिंतीला चिकटून आडवे, लालभडक जीभ बाहेर लोंबलेली, पोट भात्यासारखं वरखाली. डोळे माझ्याकडे होते, पण मला बघत नव्हते. वर दोरी रिकामी. त्यांची सावली मी घडी घालून कपाटात ठेवली होती.

"अरे, ऊठ ना रे. ऊठ, राजा." अहोजाहो कुठल्या कुठे गेलं.

काखेत हात घालून ओढतच न्हाणीघरात नेलं. फोन स्पीकरवर टाकून लेकीच्या हातात दिला, पलीकडे जनावरांच्या डॉक्टरीणबाई.

"बर्फ आणते," मी ओरडले.

"बर्फ शोधत बसू नका! नळाचं पाणी आहे ना? ओता. पोटावर, काखेत, पंजांवर. ओतत राहा."

"ओला टॉवेल गुंडाळू?"

"अजिबात नको, त्याखाली उष्णता कोंडते. पंखा लावा. पाणी तोंडात ओतू नका, स्वतः प्यायला तर पिऊ दे. मग तसाच ओला घेऊन या."

बादली खणखणली, प्लास्टिकचा मग आपटला, टेबलफॅन घरघरला. बाळ टाहो फोडून उठलं. मी त्याला रडू दिलं.

"आई, बाळ..."

"रडू दे. तू पाणी ओत."

लेक दोन्ही हातांनी मग उचलून ओतत होती, निम्मं स्वतःच्या फ्रॉकवर. पाचव्या की सहाव्या बादलीला मामंजींनी जीभ आत घेतली आणि नळाखालचे चार थेंब चाटले.

खालच्या मजल्यावरच्या सुतारकाकांनी गाडी काढली. "एवढी वरात कुठे निघाली?" असं म्हणाले आणि कुत्र्याकडे नजर जाताच त्यांनी मागचं दार उघडून धरलं. खिडक्या उघड्या ठेवून, बाळाला पोटाशी बांधून, ओलेचिंब आम्ही दवाखान्यात पोचलो.

डॉक्टरीणबाईंनी ताप पाहिला, सलाईन लावलं. "वाचेल असं वाटतंय. दोन दिवस इथेच राहू दे, किडनीवर लक्ष ठेवायला हवं." मग माझ्याकडे बघून, न रागावता, "वय झालंय, रंग काळा. दुपारी घरातच, पंख्याखाली. फिरणं सकाळी लवकर. पाणी दोन ठिकाणी, जड भांड्यात. पण मला सांगा, हा भुंकला कसा नाही?"

बाळ पदराशी चाळा करत होतं.

"बाळ झोपलं होतं ना," लेकच म्हणाली, जणू यात विचारण्यासारखं काय आहे. "तेव्हा ते भुंकत नाहीत. आईनं शिकवलंय."

मामंजींनी शेपूट एकदा टेबलावर आपटलं, हळूच. आवाज होईल न होईल असं.

लेकीनं त्यांच्या ओल्या कानावर हात ठेवला. थोडा वेळ काहीतरी जुळवत राहिली. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"आई, मग मामंजींनी तुला हाक कशी मारायची होती?"