थोरल्या साहेबांची उडी

गोल्फ शिकवणाऱ्याच्या तोंडात साखर हवी. माझ्या तोंडात ती देवानं ठेवली नाही. पोट सुटलेला माणूस वाकून चेंडू शोधायला लागला की मी त्याला सांगते, आधी पोट बाजूला घ्या, मग चेंडू दिसेल. लोक रागावतात, सेक्रेटरीकडे तक्रार करतात आणि पुढच्या आठवड्यात परत माझ्याकडेच येतात, कारण मी शिकवलेल्याचा चेंडू सरळ जातो. निदान ती नळ बनवणारी कंपनी आमच्या क्लबात घुसेपर्यंत तरी जायचा.

त्या कंपनीचे सगळ्यात वरचे साहेब, म्हणजे थोरले साहेब, दर रविवारी सकाळी खेळायला येतात. माणूस तसा भला. बूट पुसून आत येतात, माळ्याची विचारपूस करतात. पण त्यांचा स्विंग बघवत नाही. काठी मागे नेतात तोवर सगळं ठीक असतं. काठी खाली येते, आणि नेमका चेंडूला लागायच्या वेळी डावा पाय जमीन सोडतो आणि साहेब टुणकन उडी मारतात. डबकं ओलांडताना आपण मारतो ना, तशी. चेंडू उजवीकडच्या झाडीत जातो, आणि साहेब समाधानानं त्या झाडीकडे बघत राहतात. आमच्याकडे असा नियम आहे की एवढ्या वजनदार सभासदाबरोबर शिकवणाऱ्यानं चालायचं आणि दर फटक्याला ‘वा’ म्हणायचं. एकदा मी न राहवून त्यांना पाय जमिनीवर ठेवायला सुचवलं, तर त्यांच्या आधी सेक्रेटरीचाच चेहरा पडला. तेव्हापासून मी फक्त ‘वा’ म्हणते. दात आवळून म्हणते, पण म्हणते. नोकरी आहे.

तर एके दिवशी सरावाच्या शेडमध्ये आले, तो काय, चटयांवर ओळीनं माणसं उभी आणि सगळी उड्या मारतायत. मला वाटलं मुंग्या निघाल्या. जवळ जाऊन बघते तर सगळे त्याच कंपनीतले. विक्रीवाले, खरेदीवाले, नोकरभरतीच्या खात्यातला एक जाडजूड गृहस्थ. साहेबांचा खेळ कोणीतरी गाडीच्या आडून मोबाइलवर टिपला होता. कॅन्टीनमध्ये तो थांबवून थांबवून बघितल्यावर एकमत झालं होतं की साहेबांची सगळी करामत त्या उडीत आहे. चेंडू कुठे गेला हे कोणी बघितलंच नव्हतं. मोबाइलमध्ये तेवढं आलं नव्हतं म्हणे.

याच गर्दीत मला गळतीराव भेटले. नाव त्यांना ऑफिसानं दिलेलं, कारण नळ गळतो का हे तपासायच्या खात्याचे ते प्रमुख. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, बोलताना समोरच्याच्या बुटांकडे बघणारे. ते उडी मारत नव्हते. सगळे गेल्यावर माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले की बाई, मला ती उडी शिकवा, माझा संसार त्या उडीवर आहे.

मी म्हटलं, संसार तुमचा, पाय तुमचे, माझा काय संबंध. मग त्यांनी सगळं सांगितलं. कारखान्याचा मॅनेजर निवृत्त होत होता. त्या खुर्चीसाठी दोनच माणसं उरली होती, हे स्वतः आणि यांचा साडू. साडूला कंपनीत चिकटवलं होतं तेही यांनीच, बायकोच्या सांगण्यावरून. आता बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा डोक्यावर येऊन बसणार, आणि उद्यापासून त्याला ‘साहेब’ म्हणायचं. ऑफिसात तेही जमलं असतं, पण घरी? दोघी बहिणींचं रोज फोनवर बोलणं. धाकटीनं खुर्चीवरच्या उशीचा रंगसुद्धा ठरवला होता. गळतीरावांची बायको तीन दिवस त्यांच्याशी धड बोलली नव्हती आणि चौथ्या दिवशी बोलली ते न बोललेलंच बरं होतं. थोरल्या साहेबांचं म्हणणं असं की माणूस ऑफिसात कळत नाही, मैदानात कळतो. म्हणून ते दोघांना एका रविवारी खेळायला नेणार होते आणि तिथेच काय ते ठरवणार होते. साडूची उडी तर एव्हाना साहेबांपेक्षाही उंच झाली होती.

माझं डोकंच फिरलं. मी त्यांना म्हटलं, अहो, ती उडी म्हणजे चूक आहे. चूक शिकायला माणूस शिकवणी लावतो का? ते बुटांकडे बघत उभे राहिले. जाईनात. शेवटी मी एक युक्ती केली. म्हटलं, आधी अंग नीट फिरायला हवं, उडी काय, शेवटी जोडून देता येते. ते लगेच कबूल झाले. मी मनात म्हटलं, एकदा चेंडू सरळ गेला की हा माणूस उडीचं नाव काढणार नाही. किती भोळी मी.

सुरुवात वाईट होती. काठी अशी धरायचे की बोटं पांढरी पडायची. सगळं अंग ताठ. मी ओरडून ओरडून दमले. मग एक दिवस शेडच्या मागच्या नळावर ते हात धुताना मी बघितलं. दोन बोटांनी नळ बंद केला, नेमका थेंब थांबेल एवढाच, त्याच्यापुढे केसभरही नाही. मी विचारलं तर म्हणाले, जोर लावला की वायसर जातो, बाई, सगळं जग नळ जास्त आवळतं. मी त्यांचा हात धरून ओढतच चटईवर नेलं आणि सांगितलं, ही काठी नाही, नळ आहे, वायसर जपा.

त्यांनी काठी मागे नेली आणि सैल हातानं खाली येऊ दिली. आवाज आला. ज्यांनी हा आवाज ऐकलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. चेंडू असा सरळ गेला की पलीकडच्या चटईवरचा नोकरभरतीवाला उडीच्या अर्ध्यात थांबला. गळतीरावांनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा बुटांकडे न बघता चेहऱ्याकडे बघितलं. मला इतका आनंद झाला की मी त्यांना चांगले चार शब्द बोलायच्या ऐवजी ‘कोपर आत घ्या’ म्हणाले.

त्यानंतर ते रोज ऑफिसच्या आधी यायला लागले. खांदे सुटले, कंबर फिरायला लागली, डोकं जागच्या जागी राहायला लागलं. मी इतक्या जणांना शिकवलं, पण असं बघता बघता सुधारलेलं अंग माझ्या हाताखाली आलं नव्हतं. मधूनच एकटेच हसायचे. नवरा रोज पहाटे उठून जातो कुठे हे बघायला एकदा त्यांची बायको आली. बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली. नवऱ्याचे एकामागून एक सरळ जाणारे चेंडू तिनं बघितले आणि मला विचारलं, ‘पण यात उडी कुठे आहे?’

मी तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की धाकटीचा नवरा परवा तिच्या दिवाणखान्यात उडी मारून दाखवत होता, छताला हात लागला त्याचा. दुसऱ्या दिवशी गळतीराव खाली मान घालून आले आणि म्हणाले, बाई, शेवटी जोडून देणार होतात ती आता द्या.

दिली. काय करणार, शब्द दिला होता. डावी टाच कधी उचलायची, गुडघा किती वाकवायचा, खाली आल्यावर झाडीकडे समाधानानं कसं बघायचं, सगळं शिकवलं. चेंडू झाडीत गेला. गळतीरावांना हायसं वाटलं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तो रविवार आला. थोरले साहेब, साडू, गळतीराव आणि ‘वा’ म्हणायला मी. साहेबांनी उडी मारली, चेंडू झाडीत. साडूनं उडी मारली, चेंडू झाडीत, वर त्यानं हातही पसरले. गळतीरावांनी बेताची, सभ्य उडी मारली, चेंडू झाडीत. मी तीनदा वा म्हटलं. असं करत करत आमची वरात निम्मं मैदान फिरली. जितकं खेळलो त्याच्या दुप्पट वेळ आम्ही झाडीत चेंडू शोधत होतो. साडू साहेबांच्या शेजारून चालत होता आणि नव्या नळांबद्दल त्यांना काहीबाही सांगत होता. गळतीराव मागे पडले होते. हरल्यासारखेच चालत होते.

मग आम्ही एका उतारावर आलो. खाली लांबवर हिरवं मैदान पसरलेलं, वारा पडलेला. साहेब आणि साडू अजून झाडीतच होते, साहेबांचा चेंडू एका मुळाखाली अडकला होता. गळतीराव एकटेच चेंडूपाशी उभे होते. त्यांनी खाली मैदानाकडे बघितलं, श्वास सोडला आणि काठी मागे नेली. मला त्यांच्या मनगटावरूनच कळलं.

तोच आवाज आला. चेंडू वर गेला, वरच राहिला, आणि लांब हिरवळीवर निशाणापासून हातभर अंतरावर येऊन थांबला. दोन्ही पाय जमिनीवर. मी वा म्हणायचं विसरले. मागे बघते तर थोरले साहेब झाडीतून बाहेर येऊन उभे. त्यांनी सगळं बघितलं होतं. साडूनंही बघितलं होतं, आणि त्याच्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

गळतीराव वळले. साहेबांना बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

‘माफ करा साहेब,’ ते म्हणाले. ‘उडी राहिली. पुन्हा असं होणार नाही.’

आयुष्यात एकदा मिळतो असला फटका, आणि हा माणूस त्याची माफी मागत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडणार तेवढ्यात साहेब तिथल्या बाकावर जाऊन बसले. त्यांनी काठी गुडघ्यांवर आडवी ठेवून निशाणाकडे बघितलं. मग म्हणाले, ‘माझ्या साहेबांचा एक पाय आखूड होता. काठी फिरवली की त्यांना उडी मारावीच लागायची, नाहीतर तोल जायचा. मी तुमच्याहून तरुण असताना त्यांच्यासमोर असाच एक फटका मारला होता. आणि अशीच माफी मागितली होती.’

मी विचारलं, ‘म्हणजे साहेब, तुमच्या पायाला काही झालेलं नाही?’

‘छे,’ ते म्हणाले. ‘दोन्ही ठणठणीत आहेत.’

साडूला वाटलं आता बोलायला हवं. आपली उडी आजवर एकदाही चुकली नाही, हे त्यानं साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी गळतीरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

‘उडी कोणीही मारतं,’ ते म्हणाले. ‘असा फटका मारून वर माफी मागणारा माणूस मिळायला नशीब लागतं. कारखाना तुम्ही सांभाळा.’

उरलेले सगळे फटके गळतीरावांनी उडी मारून मारले. मी एकालाही वा म्हटलं नाही, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

ही बातमी कंपनीत पसरायला कितीसा वेळ लागणार? पुढच्या आठवड्यात शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांना उडी सोडायची होती. सगळ्यांना सरळ, लांब, डोळ्यांचं पारणं फेडणारा फटका शिकायचा होता, साहेबांसमोर एकदा मारून त्याची माफी मागण्यापुरता. साडू सगळ्यात आधी आला. मी सगळ्यांना मनापासून शिकवलं, कारण शिकवणं खरंच होतं, कशासाठी का असेना. पण एकाचाही चेंडू सरळ जाईना. काठी खाली यायच्या आधीच त्यांची मान खाली जायची.

गळतीरावही एकदा आले, मॅनेजर झाल्यावर. चांगला कोट, बायकोनं निवडलेला असावा. त्यांनी एका बाजूची, शेवटची चटई मागितली. त्यांनी उडी मारली नाही. पाय जमिनीवर, मनगट मऊ, डोकं जागच्या जागी, सगळं मी शिकवल्यासारखं. एकही चेंडू नीट लागला नाही. नुसता खडखड आवाज. चेंडूंची अर्धी टोपली संपल्यावर ते थांबले आणि त्यांनी मला विचारलं, ‘बाई, त्या दिवशी मी काय वेगळं केलं होतं?’

मला कोपर, खांदा, कंबर काहीही सांगता आलं असतं. पण त्यांचा चेहरा बघून माझ्याच्यानं खोटं बोलवेना.

‘त्या एका फटक्यापुरतं तुम्हाला काही नको होतं,’ मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. पुन्हा माझ्या बुटांकडे बघायला लागले होते. ‘तो आवाज ऐकून मला रडू आलं होतं, बाई,’ ते म्हणाले. ‘मी रडायला म्हणून तोंड उघडलं आणि माफी बाहेर पडली.’

मला फार वाईट वाटलं, त्यांच्यासाठी आणि त्या फटक्यासाठीही. मी दुसरीकडे बघितलं. शेजारच्या चटईवर त्यांचा साडू हात जोडून, कमरेत वाकून, ‘माफ करा साहेब, माफ करा साहेब’ घोकत होता. त्याचा चेंडू अजून जागचा हललाही नव्हता.