थोरली कोण ते वहीत आहे

शनिवारी दहा ते एक मी वाचनालयात फुकट बसते. जिन्याखाली टेबल आहे, त्यावर पाटी: 'आपल्या घराण्याची माहिती शोधायला मदत. मोफत.' मोफत म्हटल्यावर गर्दी होणारच, आणि त्यातले निम्मे स्वतःला कुठल्यातरी सेनापतीचे वंशज समजतात. गेल्या महिन्यात एकाच्या घराण्यात सेनापती काही सापडला नाही, सेनापतीचा न्हावी सापडला. मी तोंडावर सांगितलं. गडी तरातरा निघून गेला, छत्री न्यायलासुद्धा परत आला नाही. आता माझं हे असंच. कागदात असेल तेच सांगणार, मग कोणाला रुचो न रुचो. जन्म शाळेत मुख्याध्यापिका म्हणून गेला, गोड बोलायची सवयच नाही.

तर दोन म्हाताऱ्या आल्या. जुळ्या, एकोणऐंशीच्या. तेच नाक, तोच चष्मा. समोर खुर्ची एकच होती.

"बस गं," एक म्हणाली आणि स्वतःच बसली. ही थोरली. धाकटी उभी राहिली.

"आमच्यात मोठी कोण, तेवढं शोधून द्या," धाकटी म्हणाली.

"त्यात शोधायचंय काय? मी मोठी. आईच सांगायची."

"आईचं नको सांगूस! आईला आपल्यातली कोण कुठली ते तरी कळायचं का? मला दोनदा आंघोळ घालायची आणि तुला पारोशी ठेवायची."

"अहो, या वयात काय फरक पडतो?" मी विचारलं.

तशी धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "हिच्या हृदयाची झडप खराब झालीय. डॉक्टर म्हणतात, लगेच ऑपरेशन करा, नाहीतर काही खरं नाही. आणि ही ढिम्म हलत नाही! काही बोललं की, मोठीला शिकवू नकोस. मी काय घालायचं, भाजीत मीठ किती टाकायचं, जन्मभर सगळं हिनेच ठरवलं. एकदा मी मोठी ठरू दे, कान धरून दवाखान्यात नेते की नाही बघा."

"ठरून तर दाखव," थोरली म्हणाली. "तू मोठी निघालीस तर तू म्हणशील ते ऐकेन. शब्द देते."

त्यांच्या गल्लीतल्या सुईणीच्या वह्या तिच्या नातवाने वाचनालयाला दिल्या होत्या. अक्षर म्हणजे नुसते कोंबडीचे पाय! चार दिवस डोळे फोडले तेव्हा कुठे नोंद सापडली. 'जुळ्या मुली. पहिली: डाव्या पायाची दोन बोटं चिकटलेली. दुसरी: धडधाकट, रडकी.'

पुढच्या शनिवारी दोघी हजर. दारातल्या तीन पायऱ्या चढून थोरलीला केवढी धाप लागली होती! मी विचारलं, "डाव्या पायाची बोटं कोणाची चिकटलेली आहेत?"

"हिची, हिची!" धाकटी ओरडली.

थोरलीने मोजा काढून पाय थेट माझ्या टेबलावर ठेवला. ग्रंथपाल धावत आला, पाय बघून तसाच परत गेला. बोटं चिकटलेलीच होती. म्हणजे थोरली खरोखरच थोरली. झालं!

धाकटी हात जोडून माझ्याकडे बघत होती. थोरलीची धाप अजून बसली नव्हती. आणि मी काय बोलून गेले माहितीये? "वहीत लिहिलंय, दुसरीची बोटं चिकटलेली. म्हणजे या धाकट्या." माझे कान गरम झाले. मुलांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं करणारी बाई मी!

"दाखवा वही," थोरली म्हणाली.

मी वही जवळ ओढली. पण वही मागितली की दाखवावी लागते. तिने भिंग घेतलं, ओळीवरून बोट फिरवलं. बोट 'पहिली'वर थांबलं, मी डोळ्यांनी पाहिलं. मग चष्म्यावरून तिने माझ्याकडे असं बघितलं की मलाच बाकावर उभं राहावंसं वाटलं.

तिने वही मिटली. "दुसरीच लिहिलंय," ती म्हणाली. "मेली ती सुईण."

"म्हणजे मी मोठी?"

"हो बाई, तू मोठी. सांग, कधी जायचं?"

"सोमवारी! आणि मोजा घाल आधी. मी टॅक्सी बघते, तोवर इथून हलायचं नाही, सांगून ठेवते!" धाकटी पाच मिनिटांत अगदी थोरल्यांसारखं ओरडायला लागली.

ती गेल्यावर मी हळूच म्हटलं, "अहो, वहीत..."

"वाचता येतं मला अजून," थोरली मोजा चढवत म्हणाली. "तुम्ही गप्प बसा."

टॅक्सी आली. धाकटीने आत येऊन तिचा दंड धरला. दारापर्यंत जाऊन थोरली थांबली.

"ताई," ती धाकटीला म्हणाली, "मला फार भीती वाटते गं त्या ऑपरेशनची. इतके दिवस बोलता येत नव्हतं."